अकराव्या फेरीचे पिवळे निशाण

सर,

तुम्हांला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. तुम्ही हयात असताना तुमच्यासमोर माझ्या तोंडून सलग दोन वाक्ये कधी निघाली नाहीत. आता तुम्हांला जाऊन नऊ वर्षे झाली आहेत आणि मी कागद घेऊन बसले आहे. जी गोष्ट तोंडाने सांगायला हवी होती, ती तेव्हा सांगितली नाही. म्हणून हा उशिराचा उपद्व्याप.

शर्यतीच्या फेऱ्या नोंदवायला तुम्ही माझी निवड का केली, हे घरात कुणालाच समजले नव्हते. फटफट्यांची शर्यत, शहराबाहेरचा माळ, हजारभर पुरुष, आणि त्यात अकरावीतली मुलगी! तुम्ही आमच्या दारात सायकल उभी करून वडिलांना एवढेच म्हणालात, "ही बोलत नाही आणि बेरजेत चुकत नाही. मला असाच माणूस हवा आहे." मचाणावर तुम्ही शर्यतीचे पंच, आणि शेजारच्या लहान टेबलाशी मी. समोरून गाडी गेली की तिचा क्रमांक आणि घड्याळातली वेळ लिहायची. काही विशेष घडले तर शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ. पहिल्याच दिवशी माझ्या हातातले खोडरबर काढून घेत तुम्ही रागावला होतात. "दिसले ते लिही, वाटले ते लिहू नकोस. आणि एकदा लिहिलेले खोडायचे नाही. नोंदीपुढे वेळ नसेल तर ती नोंदच नव्हे." त्या रागावण्याने माझे डोळे भरून आले होते, हे तुम्ही पाहिले नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले.

जानेवारीतले ते दुपारचे ऊन मला आजही तसेच दिसते. मचाणाच्या अगदी समोर, माळाच्या पलीकडच्या टोकाला चिंचेचे वळण आहे. तिथे निशाणवाला ओंडक्यावर बसला आहे. वळणावर कुणी पडले, काही आडवे आले, तर त्याने पिवळे निशाण दाखवायचे. ते दिसले की कुणीही कुणाला मागे टाकायचे नाही, इतका सोपा नियम. अकरावी फेरी चालू आहे. चार नंबर पुढे, सात नंबर त्याच्या मागे. मी मान वर करते, आणि चिंचेखाली पिवळे कापड वर जाते, खाली येते, पुन्हा एकदा वर जाते, खाली येते. चार नंबरचा वेग उतरतो. सात नंबर त्याच्या बाजूने निघून जातो. मी लिहिते: फेरी ११, चिंच, पिवळे निशाण, ७ ने ४ ला मागे टाकले. पुढे वेळ.

रीतीप्रमाणे निशाणवाल्याची चिठ्ठी मचाणावर यायला हवी होती. ती आली नाही. पण पाहुण्यांची निघण्याची घाई होती, आणि माझ्या कागदावर तुमचा भरवसा होता. तुम्ही निकाल वाचलात: सात नंबरला तीस सेकंदांचा दंड, पहिला क्रमांक चार नंबरला. माळावर जो गलका उठला त्यातून वाट काढत निशाणवाला धापा टाकत आला. "सर, म्या निशाण काढलंच नाही जी! हे पाहा, मांडीखाली घडी करून ठेवलं होतं. घडीबी मोडली नाही." खरोखरच घडी मोडली नव्हती. तुम्ही त्या घडीकडे पाहिलेत, मग माझ्याकडे. निकाल फिरवणे अजून तुमच्या हातात होते.

"दिसले, की वाटले?" तुम्ही मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू विचारलेत.

"दिसले," मी म्हणाले.

"मग झाले," तुम्ही म्हणालात आणि कागदावर सही केलीत. साक्ष कुणाची, हे पंचाने सांगायचे नसते, म्हणून तुम्ही ते कुणालाच सांगितले नाही. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही.

आमच्या धरमपेठेतल्या घरासमोरच ते गॅरेज आहे, जिथे सात नंबरची गाडी तयार झाली होती. माझ्या अभ्यासाच्या खिडकीतून तिथला शब्दन् शब्द ऐकू येई. दुसऱ्या दिवसापासून जो वाद सुरू झाला, तो आजतागायत मिटलेला नाही.

"निशाण दाखवलंच नाही, तर दंड कायचा बे?"

"मग चारनं गॅस काहून सोडला? सांग ना गा! समोर रस्ता साफ, आन् गडी हळू होते?"

"इंजिन मिसिंग मारून राहिलं होतं त्याचं."

"मिसिंग! अन् वळण सरल्यावर आपोआप दुरुस्त झालं? तुह्या सातले निशाण दिसत नाही. लग्नात त्याले नवरी दिसली हेच नशीब समज."

यावर हशा, मग भांडण, मग पुन्हा चहा. खुद्द चार नंबरला पुष्कळांनी विचारले. तो म्हणे, "हात आपोआप सैल पडला," आणि विषय बदली. पण तो तुमचा जुना विद्यार्थी, एवढे कारण लोकांना पुरले. "मास्तरनं आपल्या चेल्याले जिंकवलं," हे वाक्य गॅरेजातून पानठेल्यावर गेले, पानठेल्यावरून शाळेत आले. संध्याकाळी शाळेतून नंदनवनला घरी जाताना तुमची सायकल त्या गॅरेजावरून जाई. कुणीतरी हटकून ओरडे, "काय मास्तर, आज पिवळं दिसलं का?" दुसरा असता तर पायडल जोरात मारून निघून गेला असता. तुम्ही खाली उतरत होतात, आणि सायकल हातात धरून ते सारे अंतर चालत जात होतात. मी खिडकीत, पुस्तकाआड. माझ्या एका वाक्याने ते सगळे थांबले असते. ते वाक्य मी तोंडातल्या तोंडात किती वेळा जुळवले, त्याचे व्याकरण किती वेळा तपासले, आणि प्रत्येक वेळी खिडकी लावून घेतली.

पंधरा दिवसांनी तुम्ही मला घरी बोलावले होते. काकू पोहे करत होत्या, म्हणून आपण स्वयंपाकघरातच पाटांवर बसलो. तुम्ही विचारलेत, निशाण कसे हलवले ते सांग. मी सांगितले, की निशाणवाले हलवतात तसे आडवे नव्हे. सरळ वर नेऊन खाली आणले, ओले धुणे झटकावे तसे, दोनदा. आणि त्याची किनार हिरवी होती.

काकूंच्या हातातला झारा कढईत थांबला. "हिरवी? किनार हिरवी म्हणालीस?"

मी मान हलवली. पोह्यांना करपल्याचा वास येऊ लागला तरी त्या हलल्या नाहीत. तुम्ही उठून चूल विझवलीत आणि म्हणालात, "खा. गार होतील." मला वाटले, माझी साक्ष खोटी ठरली. पुढच्या दोन महिन्यांत मी इतकी वाळले, की आईने वैद्यांकडे नेले.

पुढच्या वर्षी तुम्ही मला पुन्हा मचाणावर नेलेत. अकराव्या फेरीला तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि चिंचेकडे पाहत राहिलात. मीही पाहिले. निशाणवाला स्वस्थ बसला होता, घडी मांडीवर. आणि त्या वळणावर, एकामागून एक, नऊच्या नऊ गाड्यांचे आवाज खाली आले. कुणी पडले नव्हते. रस्त्यावर तेल नव्हते, दगड नव्हता. हजार माणसांचा माळ क्षणभर इतका गप्प झाला, की चिंचेवरचा कावळा मचाणापर्यंत ऐकू आला. मग आवाज पुन्हा चढले.

"दिसले?" तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलेत.

"नाही."

"मलाही नाही," तुम्ही म्हणालात. त्या आवाजात सुटका नव्हती, सर. जत्रेत हात सुटलेल्या माणसाचा आवाज होता तो. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. पुढे धंतोलीतल्या दवाखान्यात मी तुम्हांला भेटायला आले तेव्हाही लागला नाही. तुमचा श्वास पुरत नव्हता, तरी तुम्ही विचारलेत, "त्याने दोनदाच हलवले ना?" मी "हो" म्हणाले. 'तो' कोण, हे विचारायचे मला सुचले नाही. तुम्ही डोळे मिटलेत आणि हसलात. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी दिली गेली.

गेल्या आठवड्यात काकूंनी बोलावणे धाडले. त्या आता मुलीकडे राहायला जाणार आहेत. सामानाची बांधाबांध चालू होती. "ये वं, बस," म्हणाल्या, आणि ट्रंकेतून माझा तो फेरीतक्ता काढून हातात दिला, तुमच्या सहीचा. त्याखाली एक पिवळे कापड होते, काठीभोवती गुंडाळलेले. तुमच्या धाकट्या भावाचे. मला कधीच ठाऊक नव्हते, की पहिल्या वर्षीच्या शर्यतीत चिंचेखाली निशाण घेऊन ते उभे होते. वळणावर कुणी घसरले, त्यांनी निशाण दाखवले, मागून येणाऱ्याने वेग उतरवला नाही, आणि ते तिथेच गेले. पंचाचे काम तुम्ही त्यानंतर अंगावर घेतलेत. "त्याला निशाण हलवता यायचं नाही धड," काकू म्हणाल्या. "धुणं झटकल्यासारखं करायचा. आम्ही हसायचो." त्यांनी कापड उलगडले. किनार हिरव्या दोऱ्याने शिवली होती. पिवळा दोरा संपला होता म्हणून काकूंनीच शिवलेली. त्या दिवसापासून ते ट्रंकेबाहेर निघाले नव्हते. मी बोट लावले. इतकी वर्षे ट्रंकेत असलेल्या त्या कापडाला पेट्रोलचा वास येत होता, आणि उन्हातून नुकतेच आत आणावे तशी ऊब होती.

निघताना काकूंनी सांगितले, की येत्या रविवारी शर्यत भरवणाऱ्या क्लबची सभा आहे. जुन्या विजेत्यांचा फलक नव्याने रंगवायचा आहे, आणि सात नंबरच्या बाजूच्या लोकांनी अर्ज दिला आहे: तो दंड पक्षपाताने दिला होता, असे सभेने लिहून द्यावे. कुणाला काही ठाऊक असेल तर लेखी कळवावे. "ह्यांच्या बाजूनं बोलणारं आता कुणी नाही गं," एवढेच म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलेदेखील नाही.

मी लिहिले आहे, सर. आज ग्रंथालयातून लवकर रजा घेतली आणि एका बैठकीत लिहिले: साक्ष माझी होती, अकराव्या फेरीत चिंचेखाली पिवळे निशाण दोनदा हलताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, पंचांनी माझ्या शब्दावर दंड दिला आणि माझे नाव गुप्त राखले. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. ते पाकीट घेऊन गॅरेजावरूनच गेले. तिथे बाकावर सात नंबर बसलेले असतात, केस पांढरे झाले आहेत. "कुठं निघाल्या ताई?" त्यांनी विचारले. मी थांबले आणि म्हणाले, "त्या दिवशी निशाण दिसलं असं सांगणारी मी होते. सर नव्हते." अशी सलग दोन वाक्ये मी रस्त्यात उभी राहून प्रथमच बोलले. आत पान्यांचा आवाज चालू होता, तो बंद झाला. ते बाकावरून उठले. मग अगदी हळू म्हणाले, "किनार हिरवी होती ना?"

मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले.

हे दुसरे पत्र कुठेच जायचे नाही. ते तुमच्या सहीच्या फेरीतक्त्यात घडी करून ठेवते. फक्त एक कबुली द्यायची राहिली. क्लबला लिहिलेल्या त्या कागदात मी हिरव्या किनारीचा उल्लेख केलेला नाही. दिसले ते लिही, असे तुम्ही शिकवलेत. दिसलेले मी आज पहिल्यांदाच जाणून गाळले. 'तो' तुमचा आहे, सभेचा नव्हे, असे मला वाटले. वाटले, सर. दिसले नाही.

नोंदीपुढे वेळ हवी. क्लबचे पाकीट पेटीत टाकले: सोमवार, १५ मार्च १९८२, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.