परकर घ्यायला गेले होते

१८ नोव्हेंबर, शनि.
आजचं लिहून ठेवतेच. भाचीच्या लग्नासाठी जांभळी साडी काढली, त्यावर परकर हवा म्हणून कापडदुकानात गेले. मॅचिंगला घरचा ब्लाउजपीस नेला होता, सगळ्याच नेतात. परकरांच्या गठ्ठ्याला लावून पाहिला, रंग जमेना, घडी करून पुन्हा पिशवीत टाकला. दारात शेठचा माणूस आडवा. "बाई, थैलीत काय टाकलं?" पीसला त्यांच्याच दुकानाची चिठ्ठी, टाचणीसकट! कळंबमध्ये निम्म्या घरांतले पीस त्याच दुकानातून आलेले, पण ऐकतो कोण.
मागच्या खोलीत नेलं. पिशवी टेबलावर उपसली. चष्म्याचं घर, बी.पी.च्या गोळ्या, जेवणाचा डबा. तासभर बसवून ठेवलं. शेवटी शेठ म्हणाले, "पोलिसाले बोलावू, का लिहून देता?"
आणि मी लिहून दिलं. "पीस चुकून पिशवीत गेला, माफ करावे." खाली सही. पीसही त्यांनीच ठेवून घेतला.
अठ्ठावीस वर्षं तहसील ऑफिसात येईल त्याला बजावते की घाबरून कुठे सही करू नका. आणि मी!

१९ नोव्हें., रवि.
हे म्हणतात, "जाऊ दे ना. काहून वाढवून राहिली तू? गावभर चर्चा होईल." चर्चा झालीच आहे. आज दूधवाला दुधाबरोबर सहानुभूतीपण ओतून गेला.
दुपारी शेजारच्या मालूताई. सगळं ऐकून ओरडल्याच, "अगं, तो जांभळा तर मीच दिला होता तुला संक्रांतीला!"
डोक्यात लख्ख झालं. कोपऱ्यात निळ्या शाईनं "मा" लिहिलंय मी! हळदीकुंकवाला आलेला पीस फिरून देणारीच्याच ओटीत जाऊ नये, म्हणून सगळ्याच लिहितो. काल भीतीनं आठवलंच नाही.
मालूताईंचा चेहरा मात्र पडला. "दुसऱ्या कोपऱ्यात माझी पण खूण असेल गं. 'वि'. विहीणबाईंचा होता तो. त्यांचा पीस मी पुढे ढकलला हे त्यांना कळलं तर..."
कालपासून पहिल्यांदा हसले.

२१ नोव्हें., मंगळ.
रजा टाकून यवतमाळला, अर्चनाकडे. मावसबहिणीची मुलगी, वकील. आधी रागावली, "मावशी, तू सही केलीस? तू?" मग समजावलं. डोळ्यांदेखत कोणी चोरी केली तर धरता येतं, पण मग ताबडतोब पोलिसांच्या हवाली करायचं. कोंडून ठेवणं, पिशवी उपसणं, धमकावून लिहून घेणं, यातलं काहीच दुकानदाराच्या हातात नाही. "पोलिसाले बोलावू का" विचारलं तेव्हा म्हणायचं होतं, बोलवा. पोलिसांनासुद्धा बाईची झडती बाईकडूनच घ्यावी लागते.
बोलवा. तीन अक्षरं. तोंडातून निघाली नाहीत.
अर्चनानं विचारलं, भरपाई मागायची? म्हटलं, तो कागद परत हवा. आणि जिथं अडवलं त्याच दारात, गिऱ्हाइकांसमोर म्हणायचं, आमची चूक झाली. माझी अब्रू चारचौघांत काढली, तर ती चारचौघांतच परत करायची.

२५ नोव्हें., शनि.
गेलो. मी, अर्चना, आणि हो-नाही करत मालूताई. लग्नसराई असून दुकान ओसाड. यंदाही कापसाला भाव नाही, लोक कुठून येणार कापड घ्यायला. मोजून चार बायका होत्या. ऐकायला तेवढ्या पुरे.
म्हटलं, "शेठ, माझा पीस आणा. घडी मोडू नका. एका कोपऱ्यात 'मा' आहे, समोरच्या कोपऱ्यात 'वि'. आता उघडा."
उघडला. दोन्ही अक्षरं तिथंच. मालूताई पंख्याकडे बघत होत्या.
शेठनी पीसची पुन्हा घडी घातली. मग, "घ्या बाई, घेऊन जा तुमचा पीस. चहा सांगू?"
"कागद?"
"तो पाहून ठेवतो ना."
चूक झाली, हे काही तोंडातून निघेना. अर्चनानं नोटीस गल्ल्यावर ठेवली. चहा घेतला नाही. 

२८ नोव्हें., मंगळ.
ऑफिसच्या फाटकाशी शेवंताबाई सीताफळं घेऊन बसते. तिला सगळं रंगवून सांगितलं, शेठचा चेहरा कसा झाला ते तर दोनदा. ती फळं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मायी बी थैली उलटी केलती त्यानं. दोन सालं झाले. काईच नोतं त्यात. तुमी तं तिथंच होत्या, बाई."
होते.
परकरांच्याच गठ्ठ्यापाशी होते. ती रडवेली होऊन काही सांगत होती. मला वाटलं, असेल काहीतरी. पाठ वळवून म्हटलं, यात आकाशी दाखवा.
शरम वाटते. तिच्याकडून आणलेली सीताफळं तशीच पडलीत.

१ डिसें., शुक्र.
संध्याकाळी शेठ घरी. पेढे, साडी, आणि पाकिटात माझा कागद! उद्या दुकानात सगळ्यांसमोर माफी मागायला तयार. फक्त त्यांनी टाइप करून आणलेल्या समझोत्यावर सही हवी, की आता काही तक्रार नाही. "पोरानं ओळखलं नाई हो. तुमच्यासारख्या घरच्या बाईची गोष्टच अलग आहे."
तुमच्यासारख्या! म्हणजे बाकीच्यांची पिशवी उपसायला हरकत नाही.
विचारलं, "आणि शेवंताबाईची माफी?"
"कोण शेवंताबाई?"
समझोता वाचला. दोनदा वाचला. सही केली नाही. शेठनी पाकीट परत खिशात घातलं. हातभर अंतरावर होता माझा कागद. जीव तुटला, खोटं कशाला लिहू. वाटलं, आता हे मला बोलणार. तर हे उठले आणि म्हणाले, "शेठ, साडी राहिली तुमची. घेऊन जा."

३ डिसें., रवि.
शेवंताबाईच्या घरी गेले. आधी माफी मागितली, मग वकिलाचं सांगितलं. तिनं टोपली बाजूला सारली.
"मले कोर्टाचं काई समजत नाई. पन त्यानं जिथं थैली उलटी केली, तिथं मी जाऊन उभी राह्यली, तं या बार तुमी बोलसान का?"
बोलेन म्हटलं.
कागद शेठकडेच आहे. तो सगळ्यांना दाखवेल, दाखवू दे. उद्या अर्धी रजा टाकली आहे. अकरा वाजता दुकानात. थैली घेऊन ती आधी शिरणार, मी मागून. परकर अजून घ्यायचाच आहे.