वळणावरची पाटी

धम्मदीप,

मी दत्ताभाऊच्या हाटेलात भाकऱ्या थापायला चाललेय. आता रोज तितंच. आपली खानावळ तू संभाळ, गिऱ्हाईक आलंच तर.

वळणावरची पाटी तुझ्या बापानं हातानं रंगवलेली. रीलमधी गावठी दिसती म्हणून तूच उपटलीस. मी गडाच्या पायऱ्यांपाशी उभी राहून माणसं जेवायला बोलवायची, त्याची तुला लाज. म्हणायचास, "आई, आता सगळे मोबाइलवर बघून येत्यात." अरे, हितं गडाखाली रेंज कुटं असती? उतरलेला भुकेला माणूस पाटी बघतो, चुलीचा धूर बघतो. तुझी रील लोकांनी पुण्यात गादीवर लोळत बघितली, आन् हितं आल्यावर जेवले दत्ताभाऊकडं. आता पासवर्ड इसरलास, तर पेजबी गेलं.

पिठलं झाकून ठेवलंय. आधी फोटो काढ, मग जेव.

पाटी शोधू नको. दत्ताभाऊनं उचलून नेली आन् तुझ्या बापाचं नाव खरवडून आपलं घातलं. खरवडताना पाटी हलत होती, म्हणून मी धरली.