भुईचाफ्याला पाणी

९ जानेवारी २०२५, गुरुवार

गावाने मला वाळीत टाकलं आहे. बोलायला माणूस उरलं नाही, म्हणून ही वही.

कारण आजच लिहून ठेवते, पुढे कोणी फिरवायला नको. देवीपुढे नवा सभामंडप हवा म्हणून ग्रामस्थ मंडळाने देवराईतली अकरा झाडं मशीन लावून पाडली. त्या झाडांच्या सावलीत भुईचाफा होता. सभेत मी उभी राहून सांगितलं — फरशी घालण्याआधी तो काढून घ्या. हरेश्वर हसला. हा माझा धाकटा दीर, मंडळाच्या सात जणांतला एक. "खाली काय न्हाय वैनी, नुसती माती हाय." थंडीत भुईचाफ्याची पानं वाळून जातात, वर काही उरत नाही. दिसत नाही म्हणजे नाहीच!

मग मीच गेले, भरदिवसा, कुदळ घेऊन. चौसष्ट गड्डे काढून आणले.

आता म्हणतात, देवीच्या राईतलं वाळकं पानसुद्धा उचलायचं नसतं, बाईने पोतं भरून नेलं. मग अकरा झाडं? "त्याला कौल घेतला व्हता." देवीने झाडं पाडायला कौल दिला!

देवीपुढे नारळ ठेवून माफी मागायची, नेलेलं परत करायचं. तोवर माझ्याशी जो बोलेल तोही वाळीत.

नारळ माझ्याही झाडाला लागतात. ठेवणार नाही.

११ जानेवारी

गड्डे घरामागे फणसाखाली लावले आहेत. चार बोटं खोल, वर कुजलेल्या पानांचा पातेरा. तिथे दुपारीही ऊन पोचत नाही. आता पाण्याचा थेंब द्यायचा नाही. निजलेल्या गड्ड्याला पाणी लागलं की तो सडतो. चैत्रात आपणहून जागा होईल — आधी फूल, थेट मातीतून. पानं नंतर, पावसात.

तोवर दाखवायला माझ्याकडे मातीच आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ केला, मीच खाल्ला. चांगला झाला होता.

२२ जानेवारी

दळण घेऊन गिरणीवर गेले. पट्टा फिरतोय, पीठ उडतंय, आणि सदू भिंतीकडे बघून म्हणतो, "गिरण बंद हाय." कोणाला सांगितलं? भिंतीला! भिंतीशी बोलायला बंदी नाही.

एसटीने म्हसळ्याला जाऊन दळून आणलं. पीठ बारीक आलं, सदूपेक्षा बरं.

३ फेब्रुवारी

वेणूबाई शेळी घेऊन मुद्दाम माझ्या कुंपणाशी थांबली. माझ्याशी बोलता येत नाही, म्हणून शेळीला म्हणते, "गड्डे म्हनं! पोतं भरून गड्डे कोन नेतो गं? देवीचं सोनं गावलं आसंल. पचायचं न्हाय हो!"

मीही शेळीलाच सांगितलं, "सोनं पुरलंय त्याच्यावर तुझ्या मालकिणीला झोपायला सांग. उबेने वाढेल."

शेळीने माझी जास्वंद खाल्ली. तिला वाळीतबिळीत काही नाही.

१० फेब्रुवारी

गणराजचा वाशीहून फोन. "आई, याच्याविरुद्ध कायदा आहे. तक्रार कर, नाहीतर इकडे ये."

वाशीला माझं काय आहे? आणि तक्रार करायची तर सातही नावं द्यावी लागतील, त्यात हरेश्वर. भिंतीपलीकडे माझी जाऊ नीरा त्याच्या संसारात आहे. तिच्या चुलीत मी पाणी ओतू? शिवाय साक्षीला कोण? शेळी?

फोन ठेवला. कायदा मलाही वाचता येतो.

२४ फेब्रुवारी

बऱ्याच दिवसांनी पातेरा सारून पाहिला, तर फणसाखालची माती ओली! पाऊस नाही, दव एवढं नाही. कोणीतरी मुद्दाम करतंय. मारायचं तर समोर येऊन मारा!

१ मार्च

करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. हात सोलवटले. आज सकाळी पुन्हा ओलं. काट्या एका बाजूला नीट सरकवून ठेवलेल्या — चोर व्यवस्थित आहे.

हरेश्वरच असणार. दुसरं कोण एवढ्या जवळ?

५ मार्च

पहाटे मागच्या पडवीत काठी घेऊन बसले. फटफटताना भिंतीपलीकडचं मागचं दार वाजलं. हरेश्वर नव्हता. नीरा, कमरेवर कळशी.

काठी आपटली तशी कळशी सांडली. दोन महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. "ताई, वरडू नका. आयकतील सगली."

"काय करतेस तू?"

"तुमी पानीच घालत न्हाय. म्हटलं, ताईंचा जीव थकला. सुकून जातील बिचारी. रोज एक कळशी घालतेय, महिना झाला."

"अगं, निजलीत ती! आत्ता पाणी दिलं की सडतात!"

तिचाही आवाज चढला. "मंग सांगायचंत ना मला!"

"कोणाला सांगू? तू बोलत होतीस?"

"मी कशी बोलनार?"

कोंबडा आरवला तशी ती कळशी उचलून गेली. तिचा पदर काट्यांनी फाटला होता.

६ मार्च

सगळं उकरलं. एक्केचाळीस सडले. हातात घेतला की पिचतो, आत काळं पाणी, आंबूस वास. तेवीस निघाले घट्ट. राख लावून वाळवले, कोरड्या मातीत पुन्हा लावले.

सात जणांनी वाळीत टाकलं, त्यांनी माझं काही बिघडवलं नाही. एकीने माया केली, तिने एक्केचाळीस मारले. तिला एक वाक्य सांगितलं असतं तर चौसष्टच्या चौसष्ट राहिले असते. नीरावर चिडावं तर चिडता येत नाही. एवढा राग आला आहे, आणि ठेवू कुठे?

ठेवायची जागा खरं तर ठाऊक आहे: ज्यांनी तिचं तोंड बंद केलं, ते सात.

१६ मार्च

शिमग्याची पालखी. दारात रांगोळी काढली, आरती तयार ठेवली. ढोल आले, पालखी माझ्या दारावरून तशीच पुढे गेली. लग्न होऊन या घरात आले, त्या एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. ताट खाली ठेवलं नाही. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं. माना त्यांनी खाली घातल्या, मी नाही.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली. मातीत काही नाही.

४ एप्रिल

काही नाही. उकरून बघायचा मोह होतो. बघणार नाही.

६ एप्रिल, रविवार

आलं! सकाळी पातेरा बाजूला सारला तर मातीला चिकटूनच — पान नाही, देठ नाही — पांढऱ्या पाकळ्या, मधली जांभळी. वास थेट मागच्या दारापर्यंत. गुडघे दुखतात तरी खाली बसले. उठायला अर्धा तास लागला, लागू दे.

८ एप्रिल

आणखी दोन. संध्याकाळी हरेश्वर मंडळाचा निरोप घेऊन आला. निरोप्याला बोलायची मुभा असते म्हणे.

"वैनी, पुनवेला जत्रा हाय. नारळ ठेवा, मिटवून टाका."

त्याला हाताला धरून फणसाखाली नेलं. "हे तुमचं सोनं."

तो फुलाशी उकिडवा बसला. "आये ही अंबाड्यात घालायची," म्हणाला.

"मग? सांग मंडळाला."

उठला, धोतर झटकलं. "मी सांगून काय व्हतंय? सात जनांचं एक तोंड हाय."

त्यातलं एक तोंड तुझंच रे! मोठ्याने म्हणाले. तो गेला होता.

११ एप्रिल, शुक्रवार

नळावर नेहमीसारखं. मी आले की सगळ्या हंडे ओढून घेतात, मी शेवटी भरते. आज नीरा रांगेच्या मध्यावर होती. वळली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, आज किती उमलली?"

कोणाच्या तरी हंड्यातून पाणी वाहत राहिलं.

"चार," मी म्हटलं.

वेणूबाईला बंदीचा विसर पडला. "नीरे, येडी झालीस? कुनाशी बोलतेस?"

"जावंशी बोलतेय. महिनाभर मुक्यानं पानी घातलं तर मारून टाकली मी तिची झाडं. आता बोलूनच करीन काय ते."

१३ एप्रिल

काल जत्रा झाली. मला बोलावणं नव्हतंच. नीराला होतं — नारळ घेऊन ये, असं. भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं. हरेश्वर विनवत होता, मग ओरडत होता. "माझी इज्जत काय ऱ्हायली मंडळात?"

"कशाची माफी मागू? पानी घातल्याची का बोलल्याची?"

भांडं आपटलं. मग दार. नीरा माझ्याकडे आली, चटई अंथरून निजली. सकाळी म्हणाली, "ताई, तो कायदा काय म्हन्तो?"

१५ एप्रिल, मंगळवार

म्हसळा पोलीस ठाण्यात आज दिलं: तक्रार अर्ज, दोन पानं, माझ्या अक्षरात. नावं सात, तिसरं हरेश्वरचं. सोबत एक कुंडी, तीत भुईचाफ्याचा एक गड्डा, फुलासकट — मी राईतून काय नेलं ते दाखवायला. "कुंडी परत न्या, बाई," हवालदार म्हणाले. टेबलावरच ठेवून आले. पोच घेतली.

साक्षीदार एक. सही करण्याआधी अर्ज मी तिला वाचून दाखवला. तिसऱ्या नावाशी थांबले. "वाचा पुढं," ती म्हणाली.

सही: नीरा हरेश्वर शिगवण.