कढईतलं खोबरेल

रविवार, संध्याकाळ. लालबाग.

भांडी पडू देत, आधी हे लिहिते.

गेल्या पावसाळ्यातल्या तापानंतर ह्यांना कसलाच वास येईना. दारातूनच मासळी ताजी की कालची हे ओळखणारा माणूस, पण आता काहीही वाढलं तरी "बरा आसा" म्हणून उठायचा. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. किती धरायचा?

आमची सून श्रीजा केरळची. तिच्या माहेरचं खोबरेल थंडीने बरणीत पांढरंशुभ्र थिजलं होतं. "आई, कोरडाच चमचा घाला, नाहीतर खवट होतं," असं तिने बजावलेलं. आज त्यात भाजी फोडणीला टाकायचा मी पहिल्यांदाच धीर केला. गोळा कढईत वितळला, कढीपत्ता तडतडला, आणि बाहेरच्या खोलीतून हे ओरडले, "अगो, डोक्याचा तेल कढयेत ओतलंस की काय? वास येत नाय तुका?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मग हे धावतच आत आले, कढईवर वाकले. चष्मा वाफेने भरला. "येता गो," म्हणाले, "खोबऱ्याचो वास येता!" मी रडत होते की हसत होते, कोण जाणे. श्रीजा दोघांकडे बघतच राहिली, मग तिलाही कळलं.

उद्याही येईल ना? येईलच.

जेवताना म्हणाले, "भाजयेत हिंग जास्त झालो." इतक्या महिन्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं! मी आणखी भाजी वाढली.