गठुडीचं बाळंतपण

चि. धाकटे मेहुणे यांस,

घरातल्या थोरल्या माणसाचे अनेक आशीर्वाद. (तुझी सत्तरी जवळ आली आणि माझ्यापेक्षा तुझे दात जास्त पडले आहेत, हे मला ठाऊक आहे. पण तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, तेव्हा चिरंजीवच लिहिणार. दुसरं काही लिहायला हात वळत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरतोस ना? मी बरा आहे. म्हणजे झोप नाही, भूक नाही, डाव्या कानात सारखं काहीतरी गुणगुणतं आणि छातीत मधूनच कोणीतरी कूस बदलल्यासारखं वाटतं, पण ते सोडलं तर बरा. मला कशाचीही गरज नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आपलं बोलणं बंद झाल्याला बरेच महिने झाले आणि पाकीट बघून तुला वाटेल, म्हाताऱ्याला काहीतरी हवं असणार. काही नको आहे. एक बातमी आहे, ती बरी नाही, आणि ती तुला कळवणं भाग आहे, कारण ती गठुडीची आहे.

तुझ्या ताईचं पहिलं मोठं आजारपण झालं तेव्हा तू खोक्यातून ते गिनीपिग आणलंस. मी म्हटलं, हा उंदीर आहे. तू म्हणालास, हा उंदीर नाही. ताई म्हणाली, हे गठुडं आहे, आणि झालं नाव. माझा जीव तेव्हाही थाऱ्यावर नव्हता (हिला चावेल, हिला खोकला होईल, हिच्या औषधात केस पडतील), पण गठुडीनं तसलं काही केलं नाही. तिनं एकच केलं. ताईच्या चपलांचा आवाज आला की ती पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून शिट्टी मारायची. तुमच्या घराण्याची ती चाल तुला ठाऊक आहेच, डावा पाय थोडा ओढत, सट-फट, सट-फट. तुझे वडील तसेच चालायचे आणि तूही तसाच चालतोस. ताई स्वयंपाकघरातून निघाली की गठुडीची शिट्टी सुरू व्हायची आणि काकडीचा तुकडा तोंडात पडला की थांबायची.

ताई गेल्यावर तू दारात आलास आणि चार पावलं आत टाकलीस, तेव्हा आतल्या खोलीतून शिट्टी आली. तिला वाटलं, आली. आपण दोघांनीही ती ऐकली आणि दोघांनीही पंख्याकडे बघितलं. त्यानंतरच तू म्हणालास, "भाऊजी, गठुडीला मी घेऊन जाऊ का? तुम्हाला एकट्याला व्हायचं नाही." मी म्हटलं, दिलेली वस्तू कोणी परत मागतं का? तू म्हणालास, "वस्तू?" आणि चहा अर्धा टाकून गेलास. (तो कप मी धुतला. अजून त्याच फळीवर आहे. त्यात काही विशेष नाही, फक्त सांगितलं.)

आता इथून पुढचं कोणाला सांगू नकोस. तू गेल्यावर गठुडी गप्प झाली. खायची, पण शिट्टी नाही. दोन-तीन आठवडे मी ते सोसलं आणि मग एके दिवशी ताईच्या चपला पायात घातल्या. माझ्या टाचा मागे निम्म्या बाहेर, पट्ट्यावर ते पिवळं फूल, आणि मी स्वयंपाकघरापासून पिंजऱ्यापर्यंत सट-फट करत चाललो. तिनं कान हलवले आणि अर्धी शिट्टी मारली. पुरी नाही, अर्धीच. विचारल्यासारखी. ती अर्धी शिट्टी ऐकायला मी रोज फेऱ्या घालू लागलो. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली की, आजोबा, पाहुण्या आल्या आहेत का?

तेव्हाच ते डोक्यात शिरलं. गठुडीचंही वय होत चाललेलं. ती गेली की ती अर्धी शिट्टीही गेली. आम्हाला मूल नाही, तू लग्न केलं नाहीस, ताईच्या मागे या जगात जिवंत असं एवढंच उरलेलं. मग मनात आलं, हिला पिल्लं झाली तर? आईचं बघून पिल्लं शिट्टी शिकतील, त्यांची पिल्लं शिकतील, आणि मी गेल्यावरही कुठल्यातरी घरात ताई चालत आली असं कोणालातरी वाटत राहील. हे वाचून तू हसशील. मलाही आता हसू येतं, पण तेव्हा नाही आलं.

माझं शिक्षण तुला माहीत आहे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात उभा जन्म गेला. तिथे छपाई बिघडलेले फर्मे आम्हाला घरी न्यायला मिळायचे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली सोळा पानं), आणि माझ्या टेबलावर नेहमी दुसरा फर्मा असायचा. त्यामुळे जगातली पुष्कळ पुस्तकं मी सतराव्या पानापासून बत्तिसाव्या पानापर्यंत वाचली आहेत. खून कोणी केला हे मला ठाऊक नसतं, आणि कोणाचा झाला हेही नसतं, पण जबान्या तोंडपाठ असतात. पाळीव प्राण्यांच्या पुस्तकाचाही असाच एक फर्मा मी वाचलेला. तो वाक्याच्या मधूनच सुरू व्हायचा: "...मादीला या काळात ताजं गवत भरपूर द्यावं." पुढे सगळं होतं. ढोबळी मिरची द्यावी, पाणी बदलावं, गोंगाट करू नये, उचलू नये. मला वाटलं, एवढं कळलं म्हणजे सगळं कळलं.

नर मिळाला कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे. त्याची वेगळीच कथा. त्यानं बाजारातून दोन भाऊ म्हणून दोन गिनीपिग आणले, आणि थोड्याच दिवसांत त्यातला एक भाऊ बाळंत झाला. चष्मेवाला नर-मादी वेगळे करायला खोकं शोधत होता, तेवढ्यात त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहिली. (हो, त्याच दिवशी. त्यांच्यात तसं असतं, म्हणे.) पिल्लं तीन आठवड्यांची झाली नाहीत तोच तीही मोठ्यांच्या भानगडी करू लागली, आणि नात्यांचा असा गुंता झाला की कोण कोणाचं काय लागतं हे सांगायला तुमची आत्याच हवी होती. दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्यांच्या खोक्यांवर खोकी आणि प्रत्येक खोक्यात खुडबुड. शेवटी तो चष्म्याबरोबर पिल्लू फुकट देऊ लागला. एका बाईनं नंबर चुकला म्हणून चष्मा बदलून मागितला आणि त्याच दमात पिल्लूही बदलून मागितलं. मी हे सगळं डोळ्यांनी बघितलं आणि तरीही म्हटलं, मला एक नर दे. त्यानं खोक्यातला सगळ्यात देखणा दिला. मी त्याला जावईबापू म्हणायचो. तो आला त्या दिवशी मी पिंजरा धुतला, नवं गवत घातलं, दोघांना समोरासमोर सोडलं आणि लाजून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

काही आठवड्यांनी गठुडीचं पोट दिसू लागलं. मी जावईबापूंना परत पाठवलं आणि उगाच खात्री करून घ्यावी म्हणून तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. गवत, मिरची, गोंगाट, सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी पोटावर बोटं फिरवली आणि विचारलं, "हिचं वय काय?" मी म्हटलं, तीन वर्षांची आहे. "आणि पहिलटकरीण?" मी म्हटलं, हो, अगदी नीट वाढवलेली आहे. त्यांनी हात धुतले आणि मग मला बसवून सांगितलं. यांच्या मादीची कमरेची हाडं लहानपणी पिल्लाला वाट द्यायला सैल होतात. पण पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या आत झाली नाही, तर ती हाडं जुळून घट्ट होतात. मग पिल्लं मोठी होतात आणि वाट उघडत नाही. एवढ्याशा जिवाचं पोट उघडलं तर वाचेलच असं नाही. "आजोबा, हे कुठेच वाचलं नाहीत?" मी म्हटलं, ती पानं पहिल्या टेबलावर होती.

त्यांनी आणखी एक विचारलं. पिल्लं कोणाकडे जाणार आहेत? मी म्हटलं, एक माझ्याकडे. "आणि बाकीची?" मी चष्मेवाल्याच्या खोक्यांकडे मनातल्या मनात बघितलं. त्या म्हणाल्या, "वीण घेण्याआधी प्रत्येक पिल्लाचं घर ठरलेलं पाहिजे. आणि आईच्या जिवाशी खेळ होत असेल तर हौस बाजूला ठेवायची." मला सांगावंसं वाटलं की ही हौस नव्हती. पण मग काय होतं, ते मला तिथे खुर्चीत बसून सांगता येईना.

मग वाट बघणं सुरू झालं. त्यांचे दिवस एवढ्याशा प्राण्याच्या मानानं फार लांबतात. मी पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकली. गठुडीच्या कुशीवर तळवा ठेवला की आतून पिल्लं ढुशा द्यायची. मला आयुष्यात पहिल्यांदाच असं काही हाताला लागत होतं, आणि दर ढुशीला मला घाम फुटत होता. मी तिला हळू आवाजात म्हणायचो, बाई, लहान ठेव त्यांना. ती मिरची खायची आणि माझ्याकडे बघायची. तिला माझ्यावर काही राग दिसला नाही. तेच फार वाईट होतं.

त्या दिवशी सकाळी तिनं गवताला तोंड लावलं नाही. अंग फुलवून बसली आणि कळा देऊ लागली. मी तिला ताईच्या लोकरीच्या टोपलीत ठेवलं आणि तसाच बस पकडली. दवाखान्यात बाकावर बसल्यावर लक्षात आलं, पायात ताईच्या चपला. समोर कुत्रा घेऊन बसलेला माणूस त्या पिवळ्या फुलाकडे बघत होता. मी पाय बाकाखाली ओढले, तेव्हा फरशीवर सट असा आवाज झाला, आणि टोपलीतून ती अर्धी शिट्टी आली. त्या अवस्थेत. मग मी मुद्दाम पाय ओढत राहिलो, आत बोलावेपर्यंत. लोकांना काय वाटायचं ते वाटो.

डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं. तीन पिल्लं होती. दोन गेलेली. एक जिवंत. गठुडी शुद्धीवर आलीच नाही.

मी विचारलं, माझ्यामुळे? त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नव्हतं." हे खरं आहे, पण मी विचारलंही नव्हतं. चष्म्याची काच बसवायची तर माणूस दोनदा माप घेतो, आणि इथे मी एका जिवाचं बाळंतपण एका फर्म्यावर उरकायला निघालो होतो. आमच्या इमारतीच्या मागे मोगऱ्याच्या वाफ्याशेजारी तिला ठेवलं. खड्डा चष्मेवाल्यानं खणला. रडताना त्याला स्वतःचाच चष्मा सापडेना, तो मी त्याच्या कपाळावरून काढून दिला.

तू मागितलीस तेव्हा दिली असती, तर आज ती तुझ्याकडे काकडी खात असती. हे लिहायलाच पत्र घेतलं होतं. मधलं सगळं उगाच लांबलं. तू मला काय बोलायचं ते बोल, मी पाकीट फोडून सगळं वाचीन, पहिल्या पानापासून.

गुडघ्याला जप.

तुझा,
भाऊजी

ता. क. पिल्लू मादी आहे. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बघून सांगितलं. जन्मली तेव्हाच डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात. सगळं आधीच वाचून आल्यासारखी. हिला नर दाखवायचा नाही असं ठरवलं आहे. म्हणजे तुझ्यावर, माझ्यावर आणि हिच्यावर, तिन्ही ठिकाणी वंश संपला. संपू दे. चष्मेवाल्यानंही नर सगळे वेगळे केले आहेत आणि एकेकाला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन बंदोबस्त करून आणतो आहे. जावईबापू पहिले गेले.

ता. क. दुसरा: डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एकटं ठेवायचं नाही, झुरतात. (पिल्लाबद्दल म्हणाल्या.) म्हणून चष्मेवाल्याकडची एक म्हातारी, बाळंतपणातून निवृत्त झालेली मादी आणली आहे. दोघी एकमेकींना चिकटून असतात. तेव्हा तीही काळजी नाही, आणि वर लिहिल्याप्रमाणे मला कशाचीही गरज नाही.

ता. क. तिसरा: पिल्लू शिट्टी मारत नाही. म्हातारी फ्रिज उघडला की मारते, पण ही नाही. मी चपला घालून दिवसभर फेऱ्या घालतो, ती नुसती बघते. मला आता कळलंय, गठुडी अर्धीच शिट्टी का मारायची. माझी चाल चुकते. डावा पाय ओढायला जातो आणि उजवा ओढला जातो, आणि चपला घट्ट होतात त्या वेगळ्याच. त्या दिवशीच्या धावपळीत एकीचा पट्टा तुटला, तो मी बांधणीच्या मेणदोऱ्यानं पक्का शिवला आहे, आता जन्मात सुटायचा नाही. तुझे पाय बायकी म्हणून तुझे वडील तुला चिडवायचे, ते मला आठवतं. मागच्या खोलीतली खाट मी रिकामी केली आहे. जिना येताना एकदाच चढावा लागेल, कठड्याला धर. तुझ्या सवडीनं ये. येताना चपला आणल्या नाहीस तरी चालेल.