यंदा संघ जिंकतोय

सर, यंदा आपला संघ जिंकतोय. तुम्ही होतात तेव्हा हे वाक्य मला एकदाही म्हणायला मिळालं नाही, म्हणून पहिलं तेच लिहिलं. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. संघ तोच, बास्केटबॉलचा, शाळेच्या मागच्या मैदानावरचा, फक्त आता त्यात पोरं नाहीत. पोरं बारा तास कापडाच्या लूमवर नाहीतर सुरतेच्या साडी मार्केटात, उरलेला वेळ मोबाइलमध्ये. मैदानावर पोरी येतात. लूमवाल्यांच्या आहेत, सेंटरिंगवाल्यांच्या आहेत, एक मराठवाड्याकडची उंच पोर आहे, तिचा बाप भाजीची गाडी लावतो. कर्णधार माझी नात आहे. आपसात गुजरातीत बोलतात, भांडतात हिंदीत, आणि माझ्याशी तेवढं मराठी.

चहाच्या टपरीवर अजून आपल्या वेळचे दोघे-तिघे बसतात. ते म्हणतात, आपल्या वेळची टीम भारी होती. खरं म्हणजे आपण हरायचो. पहिल्या हंगामात सगळे सामने हरलो. रिंग तुम्ही वेल्डरकडून वाकवून आणली होती आणि जाळी आम्ही लूमच्या वाया गेलेल्या सुताची विणली होती. ती इतकी घट्ट झाली की चेंडू आत गेला तरी खाली पडायचा नाही, बांबूने ढोसून काढावा लागायचा. माझ्या पायात बूट नव्हते. तुम्ही तुमचे कॅनव्हासचे दिलेत, ते मोठे झाले, म्हणून पुढे चिंध्या कोंबून खेळलो. एकदा रातपाळी संपवून तसाच मैदानावर आलो, केसांत कापूस, हाताला तेल. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हे मशीन नाही, हात धुऊन ये." मला फार लागलं होतं. नळावर हात धुताना मी रडतोय, आणि मागे तुम्ही साबणाचा तुकडा घेऊन उभे आहात, हे अजून तसंच दिसतं.

आणि तो आखाजीचा हंगाम. कधी नव्हे ते आपण बाद फेरीपर्यंत पोचलो होतो, आणि सामना नेमका आखाजीच्या सणाला. खानदेशातला माणूस आखाजीला सुरतेत राहतो का? आम्ही सगळेच्या सगळे गाडी धरून गावाला गेलो. प्रत्येकाला वाटलं, मी एकटाच जातोय, बाकीचे खेळतील. तुम्ही एकटे मैदानावर उभे राहिलात आणि समोरच्यांना न खेळताच सामना मिळाला. दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीने आमच्या गावी आलात. माझ्या आईला वाटलं, आता हे पोराला बडवणार. तुम्ही ओट्यावर बसलात, दोन वाट्या आमरस प्यायलात आणि म्हणालात, "रस चांगला आहे, मीच मूर्ख. तारीख ठरवताना मी पंचांग पाहायला हवं होतं." त्यानंतर कुणी सामना चुकवला नाही. जिंकलो असं नाही, पण चुकवला नाही.

यंदाचं सगळं वेगळं आहे. मैदान सिमेंटचं, जाळी विकतची. पोरी लांबूनच मारतात, आपण रिंगखाली घुसायचो. लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आपण हाताच्या खुणांनी बोलायचो, आणि त्याच खुणा तुम्ही खेळात आणल्या होत्या. समोरच्या संघाला वाटायचं, हे सगळे मुके आहेत. मी अजून त्याच खुणा करतो. नात म्हणते, "आबा, हात काय हलवता, मोठ्याने बोला ना." मोठ्याने बोललो तरी काय, त्यांचं उत्तर मला ऐकू येत नाही. लूमने कान नेले. पण जिंकतात, सर. आपण हरायचो तेव्हा दोन्ही पाळ्यांची माणसं बघायला यायची, झोप मोडून यायची. आता जिंकतात तर चार आया आणि मी.

तुम्ही शेवटी आजारी होतात तेव्हा मला म्हणाला होतात, "पाच जण येतात तोवर मैदानाचं कुलूप उघडायचं." मी उघडत आलो. मध्ये कितीतरी वर्षं वाटायचं, यंदा पाच होणार नाहीत. होतात. आता गुडघे धरतात, पोरींना घेऊन बसने कुठे जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून तेच घोकत बसतो. ड्रायव्हर कसा असेल, परतायला उशीर झाला तर, कुणाला चक्कर आली तर. बायको म्हणते, "आते बठा घरमा, पाय दखा तुमना." तिचं बरोबर आहे. पण पाच जणी येतात.

हंगामाचा शेवटचा सामना कडोदऱ्याला होता. पोरींनी आपसात ठरवलं होतं, हरलो तर बस, कुणी कॉलेजच्या संघात जाईल, कुणी क्लास लावेल. जिंकलो तर वरचा गट, मग आणखी एक वर्ष सगळ्या एकत्र. नातीने मला हे बसमध्ये कानाशी तोंड आणून सांगितलं. म्हणजे हरल्या तर ज्यांच्यासाठी कुलूप उघडायचं त्या पाच जणी उरत नव्हत्या, आणि मी तुमचा शब्द न मोडता मोकळा होत होतो. सामना शेवटपर्यंत बरोबरीने चालला. अगदी अखेरीस आपण एका गुणाने मागे होतो आणि चेंडू नातीकडे आला. तिने लांबूनच मारला.

हे पत्र तुमच्या मुलीकडे द्यायचं ठरवलं होतं. ती इथेच राहते, तुमच्या फोटोला दर वर्षी हार घालते. यंदा संघ वर गेला हे तिने फोटोसमोर वाचावं असं मनात होतं. आता देणार नाही. कारण चेंडू हवेत होता तेव्हा मी मनात म्हणालो, बाहेर जाऊ दे. तो आत गेला. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, आया उभ्या राहिल्या, आणि नातीने वळून सगळ्यांत आधी माझ्याकडे पाहिलं. मी बसलेलाच होतो. ती धावत आली, खाली वाकली आणि विचारलं, "आबा, गुडघा धरला का?"

मी हो म्हणालो.