शर्यतीच्या स्प्रिंगा आणि मंठ्याचे व्याही

मस्तगड, जालना
१२ फेब्रुवारी १९७४

चि. गिरिधर,

तुझ्या ताराताईचे आणि माझे आशीर्वाद. मद्रासच्या शर्यतींहून तू पुण्याला धडधाकट परतलास, हे कळून बरं वाटलं. आमच्याकडेही सगळे कुशल आहेत, फक्त हल्ली कुणी पटकन खाली बसत नाही.

दिवाळीत तू आमच्या फियाटला शर्यतीच्या कडक स्प्रिंगा घातल्यास, गाडी चार बोटं खाली बसवलीस आणि म्हणालास, "भावजी, आता वळणावर जरासुद्धा झुकणार नाही." झुकत नाही, कबूल. पण बाबा रे, मंठ्याच्या रस्त्याला वळणं आहेत किती? तुमचा शर्यतीचा रस्ता गुळगुळीत, तिथे कडक गाडी जमीन धरून पळत असेल. इथे मऊ स्प्रिंग खड्डा पोटात घालते. तुझी स्प्रिंग तो जसाच्या तसा मणक्यात पोचवते, शिवाय चाक उडतं ते वेगळंच. (मागे एकदा ब्रेक दाबला तेव्हा चाक हवेत होतं. समोरची म्हैस समजूतदार, म्हणून निभावलं.)

तर अरुंधतीला मंठ्याचं स्थळ आलं आहे. पोरीने स्वतःहून मान हलवलेलं हे पहिलंच. मुलाचे वडील बद्रीनाथराव, धान्याचे आडते. बोलणी करायला त्यांना आपल्या गाडीतून आणावं, तेवढाच मान, असं मला सुचलं. वजन टाकलं की गाडी नरम होते हा तुझ्या ताईचा शोध, म्हणून डिकीत ज्वारीची दोन पोती घातली. गाडी नरम झाली खरी, पण इतकी दबली की दगडागणिक सायलेन्सर घासू लागला. शेवटी पोती त्यांच्याच आडतीत उतरवली आणि (अजून व्हायचे) व्याही रिकाम्या गाडीत बसवले. अर्ध्या वाटेपासून ते दोन्ही हातांनी कंबर धरून बसले. दारात तिघांनी धरून उतरवलं, तर बैठकीत उताणे पडून म्हणाले, "वकीलसाब, माणसं चांगली हायेत तुमची. पण या गाडीत मी बिलकुल बसणार न्हाई. अन् एसटीत चढवत न्हाई."

आता आडव्या माणसाकडे होकार कसा मागायचा? तेव्हापासून, म्हणजे तीन आठवडे, ते माजघरात आहेत. सकाळी शेक, दुपारी लेप, संध्याकाळी माझ्या गाडीविषयी त्यांचं मत. मी कोर्टात पायी जातो. फार थकलो आहे रे. माझ्या पोरीचं लग्न स्प्रिंगांपायी मोडतंय की काय, ही धास्ती काही जात नाही.

तुझा,
भालचंद्र

ता. क. जुन्या स्प्रिंगा तू पुण्याला नेल्या आहेस, त्या घेऊन ताबडतोब निघ. त्या बसल्या की घरी जाईन आणि जाताना होकार देईन, असं व्याही म्हणाले आहेत.

आणखी एक. वरचं रद्द समज, सावकाश ये. मुलगा वडिलांना बघायला दर रविवारी येतो, त्यांच्यापाशी पाच मिनिटं बसतो आणि उरलेला दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी अरुंधतीशी बोलत उभा असतो. आज या पत्रासाठी पाकीट आणायला माजघरात गेलो, तर बद्रीनाथराव ताठ उभे राहून खिडकीतून बाहेर बघत होते. मला पाहून मुकाट्याने आडवे झाले आणि हळूच म्हणाले, "पोरगं खुश हाय हो, वकीलसाब. अजून दोन-चार रविवार मला बरं करू नका."